काकूंचं जुनं पेंट : नाशिकमधल्या एका दुरुस्तीची पूर्ण हकिकत

अशोक स्तंभाजवळ माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तुटलेले स्क्रीन, बसलेल्या बॅटऱ्या, उडालेल्या हार्ड डिस्क, रोजचं काम हेच. एका सकाळी साठी ओलांडलेल्या एक काकू कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन आल्या. लॅपटॉप नवा कोरा होता, विंडोज ११ असलेला, वरची प्लॅस्टिकची फिल्मही अजून काढलेली नव्हती. तक्रार होती पेंटबद्दल, म्हणजे विंडोजमधल्या चित्रं काढायच्या साध्या प्रोग्रॅमबद्दल. ती त्यांनी एका दमात सांगितली.

"भाऊ, माझं पेंट हरवलंय. यात नवं आहे ते मला नको. माझं मला परत आणून द्या."

असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं की आम्हा दुरुस्तीवाल्यांचा पहिला अंदाज ठरलेला असतो: सवय. बटणांच्या जागा बदलल्या की माणूस गोंधळतो, आठ दिवसांत रुळतो. मीही तेच म्हणालो. काकूंनी उत्तर न देता पिशवीतून दोन कागद काढले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवर चौकोनांच्या जाळीत काढलेला मोर होता. डावीकडचा २००९ सालचा, उजवीकडचा मागच्या महिन्यातला. त्यांनी उजवीकडच्या मोराच्या मानेवर बोट ठेवलं. गडद निळ्या चौकोनांच्या कडेने फिकट निळे, राखाडीकडे झुकणारे चौकोन सांडल्यासारखे पसरले होते. डावीकडच्या मोराला असं काही नव्हतं. निळा तिथे निळा, नाही तिथे पांढरा.

"ही फिकट घरं मी काढलेली नाहीत," काकू म्हणाल्या.

हे प्रकरण सवयीचं नव्हतं.

घर मोजून विणायचं काम

काकूंचं माहेर येवल्याचं. भावाच्या घरी पैठणीचे दोन हातमाग आहेत. लग्न होऊन नाशिकला आल्या तरी माहेरच्या मागांसाठी नक्षीचे ग्राफ काढायचं काम त्यांनी सोडलं नाही. आधी ग्राफपेपरवर रंगीत पेन्सिलींनी काढत. २००६ साली घरात संगणक आला, तेव्हापासून पेंटमध्ये. निफाड, विंचूर करत येवल्याला जाणाऱ्या एसटीने कागदांची गुंडाळी कुणाच्या तरी हातून जायची, आणि काही आठवड्यांनी तोच मोर रेशमात उतरलेला दिसायचा.

काकूंना नेमकं काय हवं होतं ते समजायला पैठणीचा पदर कसा विणतात हे माहीत असावं लागतं, आणि मला ते तोवर नीट माहीत नव्हतं. त्यांनीच स्टुलावर बसून समजावलं. पदरावरची नक्षी छापलेली नसते, वरून भरलेलीही नसते. जरीच्या जमिनीत प्रत्येक रंगाच्या रेशमाची स्वतंत्र कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी नळी, चालते. एका रंगाची हद्द संपली की ती कांडी मागे वळते, आणि वळताना शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतते. म्हणून चांगल्या पैठणीची उलटी बाजूही सुलट्या बाजूइतकीच स्वच्छ दिसते. मागावर बसलेल्या माणसाला चित्र नको असतं, हिशेब हवा असतो: या ओळीत बारा घरं जर, मग तीन निळी, एक लाल, पुन्हा जर. ग्राफवरचं एक घर एकाच रंगाचं असतं. अर्धं घर, फिकट घर, जवळपास निळं घर असं मागावर काही नसतं, कारण तशी कांडीच नसते.

काकूंची पद्धत ऐकून मी मनापासून थक्क झालो. त्या चित्र मोठं काढतच नाहीत. पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे एक घर, म्हणजे अख्खा मोर सव्वाशे बाय दीडशे ठिपक्यांत बसतो. आठपट मोठं करून, कंट्रोल जीने जाळी दाखवून त्या एकेक घर भरतात. रंग त्यांच्यासाठी खुणा आहेत. पेंटमधला पिवळा म्हणजे जर, निळा म्हणजे मान, एक हिरवा पिसाऱ्याचा, दुसरा पानाचा. प्रत्यक्ष रेशमाची छटा भाऊ ठरवतो.

पेंटची ही जाळी पडद्यावर दिसते, पण छापली जात नाही. यावर त्यांनी स्वतः शोधलेला उपाय असा: मोर पूर्ण झाला की तो ५०० टक्के ताणायचा, मग पुन्हा २०० टक्के. एका ठिपक्याचा दहा बाय दहाचा चौकोन होतो. 'जाळी' नावाची एक वेगळी फाईल त्यांनी एकदाच करून ठेवली आहे, पांढऱ्यावर नुसत्या काळ्या रेघा, दर दहावी रेघ जाड. ती मोरावर चिकटवायची, पण पारदर्शक निवडीने, म्हणजे पांढरं गळून जातं आणि फक्त रेघा उरतात. मग छपाई. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आणि मोराची मान? ती घर भरून नाही, वक्ररेषेच्या साधनाने. आधी सरळ रेघ ओढायची, मग तिला दोनदा खेचायचं, एकदा वर, एकदा खाली. "दोनच वाक लागतात मानेला," त्या म्हणाल्या, "आणि ते साधनही दोनच वाक देतं." मानेची कड काढून झाली की आत रंगाची बादली ओतायची.

बिघाड कधी कळला

लॅपटॉपच्या आधी त्या वापरत होत्या तो संगणक २००८ चा, विंडोज एक्सपीचा. इंटरनेट त्याला कधी जोडलंच नव्हतं. मागच्या पावसाळ्यात तो बंद पडला. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीत हा लॅपटॉप घेऊन दिला. काकूंनी त्यावर पहिला बांगडी मोर (बांगडीच्या गोलातला मोर) काढला, छापला, येवल्याला पाठवला. दोन दिवसांनी भावाचा फोन आला.

"ताई, अकराव्या ओळीत मानेच्या कडेला फिकट निळी घरं आहेत. त्याला कोणती कांडी लावू?"

काकूंना वाटलं प्रिंटरची शाई फुटली. त्यांनी नवं कार्ट्रिज घातलं. तेच. पुढच्या ग्राफच्या वेळी भाऊ बाहेरगावी होता. दुसऱ्या मागावरच्या कारागिराला फिकट निळा हा मुद्दाम दिलेला आकाशी वाटला, त्याने आकाशी कांडी लावली. दोन बोटं पदर विणून झाल्यावर ते लक्षात आलं आणि सगळं उसवावं लागलं. हे सांगताना काकूंचा आवाज बसला. त्या कारागिराची काहीच चूक नव्हती, त्याने कागदावर होतं ते विणलं.

मुलाने केलेले दोन प्रयत्न

मुलाने हातावर हात ठेवून बघितलं नव्हतं. पहिल्यांदा त्याने जुनं पेंट देण्याचा दावा करणाऱ्या कुठल्याशा संकेतस्थळावरून एक इन्स्टॉलर उतरवला होता. पेंट आलं, पण त्याच्यासोबत ब्राउझरला एक पट्टी चिकटली आणि शोधायचं पानही परस्पर बदललं. मी सगळ्यात आधी तो इन्स्टॉलर आणि त्याने आणलेलं सगळं काढलं, विंडोजच्या सुरक्षा तपासणीची पूर्ण फेरी लावली. हा भाग इतकाच.

दुसरा प्रयत्न चांगला होता. दिवाळीनंतर पुन्हा घरी आला तेव्हा त्याने स्वतःच्या विंडोज १० च्या लॅपटॉपमधून सिस्टीम३२ या विंडोजच्या फोल्डरातली एमएसपेंट ही पेंटची फाईल उचलून आणली. नुसती ती आणली तेव्हा चाललीच नाही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमचा मजकूर, म्हणजे मेनू आणि खिडक्यांवरचे शब्द, वेगळ्या फाईलमध्ये असतो. तिचं नाव तेच, शेवटी एमयूआय, आणि ती ईएन-यूएस अशा भाषेच्या नावाच्या उपफोल्डरात असते. ती तशीच्या तशी शेजारी ठेवल्यावर पेंट उघडलं. (नाव बदलायचं असेल तर दोन्ही फाइलींचं बदलावं लागतं, नाहीतर जोडी तुटते.) विंडोज ११ वर हे व्यवस्थित चालतं. ज्यांना फक्त विंडोज १० चं पेंट परत हवं आहे त्यांच्यासाठी हा मार्ग पुरेसा आहे.

आईला त्याने ते कौतुकाने दाखवलं. आईने मान काढली, आठपट मोठी केली. फिकट घरं तिथेच.

'जुनं' म्हणजे कुठलं

मी दुकानात काकूंनाच तिरकी रेघ ओढायला लावली. आधी विंडोज ११ च्या पेंटमध्ये, मग मुलाने आणलेल्या १० च्या पेंटमध्ये. दोन्हीकडे रेघ आठपट मोठी करून बघितली. निळ्या ठिपक्यांच्या पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात निळा आणि पांढरा यांच्या मधला एकेक रंग भरलेला होता.

याला अँटी-अलायझिंग म्हणतात. पडदा चौकोनी ठिपक्यांचा, त्यामुळे तिरकी किंवा गोल रेघ दातेरी दिसते. ते दाते डोळ्याला बोचू नयेत म्हणून प्रोग्रॅम कडेच्या ठिपक्यांना मधल्या छटा देतो आणि रेघ गुळगुळीत भासते. वाढदिवसाचं कार्ड करणाऱ्याला ही सोयच आहे. काकूंच्या कामात एक ठिपका एक घर असल्यामुळे प्रोग्रॅम त्यांच्या ग्राफमध्ये स्वतःची घरं घालत होता. बादलीने गोंधळ आणखी वाढवला. पेंटची बादली हुबेहूब तोच रंग असलेल्या सलग जागेतच ओतली जायची, जरा वेगळी छटा आली की थांबायची. म्हणून मान आतून भरली तरी कडेची फिकट घरं कोरडीच राहायची.

पेंटमधल्या आकारांना आणि रेघांना ही गुळगुळीत कड विंडोज ७ मध्ये आली, २००९ साली. वरची रुंद रिबनपट्टीही तेव्हाचीच. मुलाने शाळेत पहिल्यांदा पेंट उघडलं तेव्हा ते रिबनवालं होतं, त्याच्या लेखी जुनं पेंट तेच. काकूंचं जुनं पेंट त्याच्या मागचं, २००१ च्या एक्सपीतलं: डावीकडे दोन रांगांत साधनं, तळाशी २८ रंगांची पट्टी. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांच्या मनात वेगळा प्रोग्रॅम होता.

पेंट पहिल्यापासून विंडोजच्या सोबत आहे. १९८५ च्या विंडोज १.० मध्ये ते होतं, झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशवर बेतलेलं. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये नाव पेंटब्रश झालं, विंडोज ९५ मध्ये पुन्हा पेंट. २०१७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने ते मोडीत निघणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं, तेव्हा जगभरातून इतकी हळहळ उमटली की ते राहणार असल्याचं कंपनीला लगेच सांगावं लागलं. विंडोज ११ मध्ये ते स्टोअरमधून अद्ययावत होणारं ॲप आहे. त्यात आता थर आहेत, पारदर्शकता आहे, फोटोमागचा भाग एका टिचकीत काढायची सोय आहे. नव्या पेंटला मी वाईट म्हणत नाही. पण एवढ्या लांबच्या इतिहासात नुसतं 'जुनं परत द्या' म्हटल्यावर दुरुस्तीवाल्याने कुठवर मागे जायचं? दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकासाठी मी मुलासारखंच विंडोज १० चं पेंट बसवलं असतं आणि पैसे घेतले असते. काकूंनी दोन कागद शेजारी ठेवले म्हणून कळलं.

पर्यायांचा विचार

सगळ्यात सोपा पर्याय नव्या पेंटमध्येच होता. त्यातली पेन्सिल एक ठिपका जाडीवर ठेवली तर कड अजूनही धारदार येते. गुळगुळीतपणा आकारांना आणि रेघांना लागतो, पेन्सिलीला नाही. काकू छोटी बुटी तशी काढू शकल्या असत्या. मानेचा वाक मात्र हाताने, घराघराने काढावा लागला असता. त्यांच्या बोटांना ते झेपणारं नव्हतं, आणि वीस वर्षांचा हात मोडून नवा लावा असं सांगायला माझी जीभ वळेना.

अँटी-अलायझिंग बंद करता येतं असे दुसरे प्रोग्रॅम आहेत. पेंट डॉट नेटमध्ये त्यासाठी बटण आहे, गिंपमध्येही धारदार काम होतं. दोन्ही मी उघडून दाखवले. काकूंनी पाच मिनिटं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "यात माझी दोन वाकांची रेघ कुठे आहे?"

जेएस पेंट त्यांना जवळचं वाटलं. ब्राउझरमध्ये चालणारा हा मुक्त प्रकल्प विंडोज ९५-९८ च्या काळातल्या पेंटसारखा हुबेहूब घडवलेला आहे. रेघा धारदार, वक्ररेषा तशीच, शिवाय केलेलं रद्द करत हवं तितकं मागे जाता येतं. परवान्याचा प्रश्नच नाही. पण घरातलं इंटरनेट काकूंना भरवशाचं वाटत नाही, आणि काम ब्राउझरच्या टॅबमध्ये ठेवायला त्यांचं मन तयार होईना. टॅब चुकून बंद झाला तर? त्यांची भीती मला रास्त वाटली.

जुनं यंत्रच उठवावं का हेही पाहिलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले होते. जुन्या बाजारातून बोर्ड मिळाला असता, तोही किती दिवस टिकणार? एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत, तेव्हा नव्या लॅपटॉपवर त्याचा संसार थाटायचाही नव्हता. हवा होता फक्त एक प्रोग्रॅम. एक्सपीतलं पेंट साडेतीनशे केबीचंही नाही.

परवान्याचं मी काकूंपुढे सरळ मांडलं. यंत्रासोबत आलेला एक्सपीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. तो लॅपटॉपवर आपोआप येत नाही. जुनं यंत्र कायमचं बंद आहे, एक्सपीची सीडी काकूंची स्वतःची आहे, पेंट त्या एकट्याच वापरणार आहेत, एवढं पाहून निर्णय त्यांनी घेतला. ती फाईल मी दुकानात ठेवली नाही, दुसऱ्या कुणाला दिलेली नाही आणि देणारही नाही.

प्रत्यक्ष बसवणं

जुन्या हार्ड डिस्कवर पेंट होतंच. तरी ते तसं उचललं नाही. त्या काळी पेनड्राइव्हवरून पसरणारे, प्रोग्रॅमच्या फाइलींनाच चिकटणारे व्हायरस घराघरात होते, आणि हा संगणक इंटरनेटवर नसला तरी पेनड्राइव्ह त्याला लागत होते. सीडी मात्र छापल्या दिवशी होती तशीच असते. काकूंनी ती लोखंडी कपाटातून शोधून आणली, चकचकीत होलोग्रामवाली. तिच्या आय३८६ फोल्डरात पेंट दाबून ठेवलेलं असतं, नावाचं शेवटचं अक्षर खाऊन तिथे अधोरेघ असते. विंडोजमधल्या एक्स्पांड या आज्ञेने ते उलगडतं. डिस्कवरच्या फाइलीशी हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, जुळवून बघितला, दोन्ही सारखेच निघाले. म्हणजे डिस्कवरचं पेंटही निरोगी होतं. त्याच डिस्कवर काकूंचे सतरा वर्षांचे ग्राफ होते. त्यांच्या दोन प्रती आधी काढल्या, मगच पुढचं काम.

फाईल सिस्टीम३२ मध्ये घातली नाही. जुने लोक तिथल्या मूळ फाइलीची मालकी घेऊन बदलाबदली करायचे. विंडोज स्वतःच्या फाईल तपासते तेव्हा असला बदल उलटवते, आणि अद्ययावत करताना तर हमखास. सी ड्राइव्हवर 'चित्रकाम' नावाचा साधा फोल्डर केला आणि पेंट तिथे ठेवलं. त्याचं नाव बदलून 'जुनंपेंट' केलं. 'उघडा यासह' ही यादी विंडोज प्रोग्रॅमच्या फाइलीच्या नावावरून ओळखते, दोन एमएसपेंट असले की गल्लत होते. एक्सपीच्या पेंटचा मजकूर त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे एमयूआयची जोडी सांभाळायची गरज नाही. विंडोज ११ वर ते पहिल्या टिचकीत उघडलं. नवं पेंट काढलं नाही, फक्त खालच्या पट्टीवरून हलवलं. साड्यांच्या फोटोमागचा पसारा काढायला ते भाचीच्या उपयोगी पडतं.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. मान काढली, दोन वाक दिले. मग आठपट मोठं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

सगळं धूसर दिसत होतं. फिकट घरं नव्हती, पण प्रत्येक घराची कड पुसट होती. इथे मला जरा वेळ लागला. लॅपटॉपचा पडदा १५.६ इंची, फुल एचडी, आणि विंडोजने अक्षरं वाचता यावीत म्हणून सगळं १२५ टक्के मोठं ठेवलं होतं. २००१ च्या प्रोग्रॅमला हा प्रकार ठाऊक नाही, म्हणून विंडोज त्याची अख्खी खिडकी चित्रासारखी ताणते. फाईल धारदारच होती, धूसर फक्त दिसत होती. काकूंना हे सांगून उपयोग नव्हता, त्यांना डोळ्यासमोरच धारदार हवं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. फाइलीच्या गुणधर्मांत कंपॅटिबिलिटीच्या पानावर डीपीआयची, म्हणजे पडद्यावर मोठं कुणी करायचं त्याची, सेटिंग असते. तिथे मोठं करायचं काम 'ॲप्लिकेशन'कडे दिलं की ताणणं थांबतं. थांबलं. पण आता साधनांची चित्रं तांदळाएवढी झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना बादली कुठली आणि ब्रश कुठला कळेना.

तोडगा काकूंच्याच घरात होता. जुन्या संगणकाचा १७ इंची चौकोनी एलसीडी धडधाकट होता, १२८० बाय १०२४ ठिपक्यांचा. लॅपटॉपच्या एचडीएमआयला व्हीजीएचा कन्व्हर्टर लावून तो जोडला, त्या पडद्यापुरतं मोजमाप १०० टक्क्यांवर आणलं. त्यावर एकेक ठिपका ज्वारीच्या दाण्यासारखा वेगळा दिसतो. पेंट पूर्वी दिसायचं त्याच पडद्यावर, त्याच आकारात उघडलं.

मग आम्ही क्रमाने सगळं तपासलं: तिरकी रेघ, लंबगोल, दोन वाकांची मान, बादली, ५०० आणि २०० टक्के ताणणं, जाळी पारदर्शक चिकटवणं. शेवटी मी दोन्ही मोर इर्फानव्ह्यू या चित्रं बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडले, ते चित्रातल्या वेगवेगळ्या रंगांची मोजदाद देतं. नव्या पेंटमधल्या मोरात नव्वदीच्या पुढे रंग निघाले. आत्ता काढलेल्या मोरात सहा. काकूंनी बोटांवर मोजले: जर, मान, दोन हिरवे, चोचीचा लाल, पांढरा. सहा.

नंतर

जुन्याबरोबर जुनी उणीवही आली. एक्सपीच्या पेंटमध्ये फक्त तीन पावलं मागे जाता येतं. व्हिस्टात ती दहा झाली, विंडोज ७ मध्ये पन्नास. मी हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मागावर दोन बोटं उसवायला अख्खा दिवस जातो. इथे तीनदा तरी आपोआप मागे येतं." त्या दर टप्प्याला नव्या नावाने साठवतात, मोर१, मोर२ करत. हे मी शिकवलेलं नाही.

महिन्याभराने एका अपडेटनंतर काकूंच्या चित्रांच्या बीएमपी फायली पुन्हा नव्या पेंटमध्ये उघडू लागल्या. काकूंनी खिडकी बघूनच ओळखलं आणि काही न साठवता बंद केली. आता त्या आधी जुनंपेंट उघडतात आणि फाईल आतून बोलावतात, टिचकी मारून उघडतच नाहीत.

मग फेब्रुवारीत फोन आला. "भाऊ, जुन्या पेंटमध्येही आली हो ती फिकट घरं."

मी संध्याकाळी गेलो. पडद्यावर मुनियाची जोडी होती, आणि खरंच प्रत्येक पोपटाभोवती मळकट घरांची झालर. पण पेंटचा दोष नव्हता. येवल्याची भाची आता स्वतः ग्राफ काढायला लागली आहे, तिने जेएस पेंट निवडलं, तिला ते आवडतं. तिने काढलेली मुनिया आत्याला तपासायला पाठवली होती, मोबाईलवरच्या चॅटिंग ॲपमधून, फोटो म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की ॲप तो जेपीईजीत दाबून लहान करतं, आणि जेपीईजीला धारदार कड सांभाळता येत नाही, तिच्या आजूबाजूला नको त्या छटा सांडतात. पाठवताना साधी, स्वच्छ पीएनजी होती. पोचली ती वेगळीच फाईल.

भाचीला तिथूनच फोन लावला. तीच फाईल तिने फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवली. काकूंनी ती आठपट मोठी केली, चष्मा पुसला आणि चोचीपासून घरं मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत एक लाल घर जास्त होतं. फोन चालूच होता, तो त्यांनी कानाला लावला.

"चोच एक घर पुढे गेलीये ग. बाकी छान आहे. मी दुरुस्त करत नाही, तूच कर, आणि अशीच पाठव, डॉक्युमेंट म्हणून."